ज्युलियस नसता तर छत झालं नसतं?

अनघा_के: मायकेलअँजेलोवरचा ‘द ॲगनी अँड द एक्स्टसी’ (1965) हा सिनेमा पाहून काल एकाने लिहिलं, “पोप ज्युलियससारखा खमक्या आश्रयदाता मागे लागला म्हणून व्हॅटिकनमधल्या सिस्टाईन चॅपेलचं रंगवलेलं छत झालं. कलावंताच्या डोक्यावर असा माणूस हवाच.” वाचून राहवलं नाही. 1505 मध्ये याच पोपने स्वतःच्या थडग्याचं काम दिलं. मायकेलअँजेलोने कित्येक महिने कॅराराच्या खाणीत संगमरवर निवडला, आणि पैसे मागायला गेला तर दारातूनच हाकलला. छताचं काम चालू असताना, 1509 मध्ये, वडिलांना लिहितो की वर्ष झालं, पोपकडून छदाम नाही. 1510 मध्ये पोप लढाईवर, काम ठप्प, आणि हा पैशांसाठी त्याच्यामागे दोनदा बोलोन्याला. सिनेमातला ज्युलियस सारखं ‘कधी संपणार?’ विचारतो. त्याला काय अधिकार?

देवदत्त७१: पत्र अर्धंच सांगितलंत. पुढे तो म्हणतो, मी मागतही नाही, कारण मागावं इतकं काम सरकलेलं नाही, आणि हा माझा धंदा नव्हे. अशा शिल्पकाराच्या हाती ब्रश दिला कोणी? ज्युलियसनेच. आणि थडगं? 1545 उजाडलं, पोपला जाऊन 32 वर्षं झाली होती. मानगुटीवर कोणी नसलं की असं होतं.

अनघा_के: पुढच्या पोपांनी आपापली कामं गळ्यात मारली म्हणून रखडलं! आळशीपणा त्याच्या माथी मारू नका.

भिंतवाला: मी भित्तिचित्रं करतो. एका संस्थेची भिंत रंगवली. उद्घाटनाची तारीख गाठायला रात्री जागवल्या, हार अध्यक्षांच्या गळ्यात, माझं बिल अजून पडून आहे. खमके लोक घाई कामाची करतात, पैशांची नाही. आणि सिनेमात मायकेलअँजेलो झालेला हेस्टन पाठीवर पडून रंगवतो. खरा मायकेलअँजेलो उभ्याने रंगवत होता हो! त्याने स्वतः कविता लिहिलीय त्यावर: दाढी आभाळाकडे, तोंडावर ब्रशचे थेंब. शेजारी चित्रही काढलंय. मानेची काय गत होते ते मला विचारा.

मीरा_स: रंगांचा विषय निघालाच आहे तर, 1980 नंतरच्या साफसफाईने त्या छताची वाट लावली. सावल्या गेल्या, उरले भडक रंग.

देवदत्त७१: मेणबत्त्यांची काजळी आणि सरस म्हणजे मायकेलअँजेलो नव्हे. फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं त्याचं ‘दोनी तोंदो’ हे चित्र बघा, तितकेच झगझगीत रंग आहेत.

मीरा_स: ते लाकडी फळीवरचं, हे ओल्या गिलाव्यावरचं. तज्ज्ञांवर विसंबा म्हणणाऱ्यांनी अजिंठ्याला जाऊन यावं. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहूनच माणसं आणवली. त्यांनी चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं, ते पिवळं पडलं. शाळेच्या सहलीत पद्मपाणी पाहिला तेव्हा मला वाटलं, मूळ रंगच असा मळकट.

भिंतवाला: अहो, तिथे थर चढवला, इथे उतरवला! तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं.

मीरा_स: चढवलेलं निदान उतरवता येतं. मूळ हातच खरवडला गेला तर परत कुठून आणणार? यावर कोणी बोलत नाही, नुसते अंगावर येता.

देवदत्त७१: अजिंठा राहू द्या. पैशांचं मान्य, ज्युलियस देण्यात कच्चा होता. पण रेटा त्याचाच, यावरून मी हटणार नाही.

अनघा_के: रेटा होताच. रागाच्या भरात पोपने त्याला काठीने मारलं, असं त्याचा चरित्रकार कोंदिवी याने लिहिलंय. मग समजूत काढायला 500 दुकाती (सोन्याची नाणी) पाठवल्या. म्हणजे तिजोरीत पैसे होते.