मालिकेचं 'पारायण' म्हणता येईल का?

रानजाई: 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतली 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही गोष्ट पुन्हा पाहिली. १९७५ची, सहा भागांची. रोज रात्री एक. मावशीला कळवलं, "पारायण पूर्ण झालं." तिचं उत्तर, "पारायण पोथीचं असतं, टीव्हीचं नाही." मग म्हणायचं काय? 'पुनर्दर्शन' म्हटलं की देवळाची रांग आठवते, 'उजळणी' म्हटलं की पाढे.

पोथीवाचक: मावशींचं बरोबर आहे. पारायणाला नेम लागतो. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कुठवर वाचायचं ते ठरलेलं असतं.

अर्धविराम: पार + अयन, पैलतीराला जाणं. अट एकच, अथपासून इतिपर्यंत. माझे आजोबा रेल्वेच्या वेळापत्रकाचं पारायण करायचे, घरात सगळे तसंच म्हणत. रानजाई, सहाही भाग पाहिलेत ना? त्याच वर्षी डिसेंबरात बीबीसीनं हिची ८५ मिनिटांची कापलेली आवृत्ती दाखवली होती. ती पाहिली असती तर मीही पारायण म्हटलं नसतं.

रानजाई: सहाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरची सोबतीण सारा रॉकेटभोवतीच्या परांचीवरून पडते आणि चित्र तिथेच गोठतं. पुढचं पाठ आहे, तरी जीव टांगणीला लागतोच.

ठाणेकर: हाच की 'क्लिफहँगर'ला शब्द! टांगणी. 'दुसरा भाग टांगणीवर संपतो.' 'उत्कंठाबिंदू' कोण बोलतं?

पोथीवाचक: जीव टांगणीला 'लागतो'. वाक्प्रचारातून एकच शब्द उपटला की तो सुकतो. आणि पोथीचा अध्याय 'गोड हा' म्हणून संपतो, ऐकणाऱ्याला लटकत ठेवत नाही. म्हणूनच मालिकेला पारायण नको.

अर्धविराम: बोली असेच शब्द सुटे करते. 'मेख मारणे'मधली मेख आपण 'खरी मेख इथे आहे' असं म्हणतोच ना?

ठाणेकर: टांगणी 'टांग'वरून आली असणार. उलटं टांगायचं ते पायानंच.

पोथीवाचक: ओढूनताणून आहे हे. गाळणे-गाळणी, तसं टांगणे-टांगणी.

रानजाई: शेवटच्या भागात मालिकेचा नायक डॉक्टर दोन तारा हातात धरून थांबतो. जोडल्या की डालेक, त्याचे कट्टर शत्रू, जन्माआधीच संपणार. मला हा अधिकार आहे का, असं तो विचारतो. लहानपणी मी "जोड!" म्हणून ओरडले होते, या वेळी माझेही हात थांबले. याला नुसतं 'परत पाहिलं' म्हणू? मावशीला काय लिहू?

ठाणेकर: लिहा, 'सहापैकी पाच भाग टांगणीवर संपले.'

पोथीवाचक: 'टांगणीवर' नाही हो, 'टांगणीला'. निदान विभक्ती तरी सांभाळा.