परदेशी कोच : आपले, त्यांचे. तुमचे किस्से लिहा

मार्च 2003. वर्ल्ड कपची सेमीफायनल डर्बनला, भारत विरुद्ध केनिया. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत अख्खा मजला टीव्हीपुढे. केनियाचा कोच संदीप पाटील, आपला कोच न्यूझीलंडचा जॉन राइट. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे आपला माणूस तिकडे आणि बाहेरचा इकडे. मग पेढे कुणाला द्यायचे?"

गांगुलीने नाबाद 111 ठोकल्या, 91 धावांनी जिंकलो, तरी बाबा पाटलांसाठीच हळहळत होते. इंग्लंडच्या विलिसला एका षटकात सहा चौकार मारणारा शिवाजी पार्कचा हा माणूस केनियाला सेमीफायनलपर्यंत घेऊन आला होता. न्यूझीलंड सुरक्षेपायी नैरोबीला गेलंच नाही, केनियाला फुकटचे गुण मिळाले, मान्य. पण श्रीलंकेला 157 मध्ये गुंडाळणं फुकटात होत नाही.

परदेशी कोच म्हटलं की आपण राइट, चॅपेल, कर्स्टन, फ्लेचर या भारताच्या कोचवरच घसरतो. आपली माणसंही कुणाची तरी परदेशी कोच असतात. दोन्हीकडचे किस्से येऊ द्या. स्कोअरकार्ड कुठेही मिळतं, तुम्ही तेव्हा कुठे होतात ते लिहा.

*

पुण्यातून. 29 फेब्रुवारी 1996, कॉलेज बुडवून नेहरू स्टेडियमवर. वर्ल्ड कपची मॅच, पण केनिया कोण खेळतंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, वेस्ट इंडिजच्या लाराला बघायला गेलो होतो. केनिया 166. त्यांचा कीपर चष्मेवाला, अंगाने भरलेला, चेंडू हातातून निसटायचे. आमच्या स्टँडने त्याचं 'मामा' असं बारसं करून टाकलं आणि यथेच्छ पिडलं. आणि लारा 8 वर असताना बॅटची कड घेऊन चेंडू गेला तो नेमका मामांकडे. ग्लोव्हज, मांड्या, पॅड, सगळं एकत्र करून मामांनी तो धरला. दोन सेकंद स्टेडियम चिडीचूप. मग मात्र आम्ही असे काही पलटलो की विचारू नका. वेस्ट इंडिज 93 मध्ये खलास, आमचे गळे बसलेले.

केनियाचे कोच हनुमंत सिंग होते, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. आमच्या वडिलांना ते पाठ : पहिल्याच कसोटीत इंग्लंडविरुद्ध शतक. मला म्हणाले, "तू काय बघायला गेला होतास मग?"

*

17 मार्च 2007, रात्रीचे दोन. वर्ल्ड कपमध्ये बांगलादेशने हरवलं आणि आमच्या गल्लीत चॅपेलला शिव्या घालण्यात मी सगळ्यांत पुढे. "या ऑस्ट्रेलियावाल्याला आपली पोरं काय कळणार?" धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, त्यांचा कोच व्हॉटमोर पण ऑस्ट्रेलियाकडूनच खेळलाय." मी त्याला पाणी आणायला पिटाळलं.

*

थ्रोडाउन टाकणं, म्हणजे सरावासाठी बॅट्समनला जवळून हाताने चेंडू फेकत राहणं, काय असतं, ते ज्याने टाकलेत त्यालाच ठाऊक. मी ठाण्यात बारक्या पोरांना टाकतो. बादलीतले साठ चेंडू संपले की खांदा भरून येतो. ते गोळा करून पुन्हा साठ. रात्री शर्ट काढताना हात वर जात नाही, बायकोला हाक मारावी लागते. आणि कर्स्टन, 101 कसोटी खेळलेला माणूस, सचिनला तासन्तास टाकत उभा राहायचा. कोचने मोठमोठ्या बाता कराव्यात याचं मला कौतुक नाही. बादली कोण उचलतं ते मी बघतो. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर पोरांनी सचिनला खांद्यावर घेतलं, मग कर्स्टनलाही. घरात सगळे रडत होते. माझं लक्ष मात्र त्याच्या उजव्या हाताकडे.

*

शारजात नोकरी करतो. टॅक्सीवाला अफगाण. कुठला, विचारलं. मुंबई म्हटल्यावर आरशातून बघत म्हणाला, "राजपूत साहब!" मला वाटलं, राजस्थानातला कुणी ओळखीचा असेल, नुसती मान डोलावली. मग ट्यूब पेटली : लालचंद राजपूत! 2016-17 मध्ये त्यांचे कोच. जून 2017 मध्ये अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला तो त्यांच्याच काळात. गड्याने पाच दिरहम सोडले. राजपूतांशी माझा संबंध काय, तर मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगच्या चिखलात एकदा लांबून पाहिलेले. तेवढ्या भांडवलावर पाच दिरहम. घेतले.

*

डॅलसहून लिहितेय. 6 जून 2024, अमेरिका विरुद्ध पाकिस्तान, आमच्या इथेच ग्रँड प्रेरीत. गुरुवार होता, नवऱ्याने ऑफिसला दांडी मारली. नाशिकहून आलेल्या सासूबाईंनाही नेलं, डोक्याला ओढणी गुंडाळून, पर्समध्ये भडंगाची पुडी. मॅच टाय झाली आणि निकालाची सुपर ओव्हर टाकायला आपल्या मुंबईचा नेत्रावळकर आला तेव्हा त्यांनी माझा दंड असा आवळला की दोन दिवस वळ होता. अमेरिका 18, पाकिस्तान 13. जिंकलो! (म्हणजे अमेरिका. पासपोर्ट अजून भारताचाच आहे आमचा.)

अमेरिकेचा तेव्हाचा कोच स्टुअर्ट लॉ, ऑस्ट्रेलियाचा. त्याचं सासूबाईंना काही नाही. रात्री हायलाइट्समध्ये पाकिस्तानच्या बाजूला, त्यांचा कोच म्हणून, कर्स्टन दिसला आणि त्या ताडकन उठून बसल्या.

"अगं, हा तर आपला गॅरी! यानेपण पक्ष बदलला?"