मोआबच्या जीपवाटा: फाईल द्यायची की नाही?

लालमाती (धागाकर्ता)

गेली नऊ वर्षं डेन्व्हरहून मोआबला जातोय. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं हे छोटं गाव, चहूकडे लाल कडे, घळी आणि कोरडे ओढे. गेल्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला: कड्याच्या टोकाशी उभी जीप, खाली ग्रीन नदीचं वळण. तासाभरात सतरा जणांचा एकच प्रश्न, "लोकेशन टाक ना." मी टाकलं नाही. तेव्हापासून मी शिष्ट ठरलोय, म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

या भागात 'रस्ता' म्हणजे काय, तिथूनच घोळ आहे. १९५२ मध्ये चार्ल्स स्टीनला मोआबच्या दक्षिणेला युरेनियम सापडलं आणि माणसं बुलडोझर घेऊन वाळवंटात घुसली. व्हाइट रिमचा १०० मैलांचा प्रसिद्ध फेरा त्याच खटाटोपातून झाला. तशा शेकडो चाकोऱ्या कुणीतरी एका खड्ड्यापर्यंत नेल्या, खड्ड्यात काही मिळालं नाही, माणूस निघून गेला. चाकोरी उरली. जुन्या सरकारी नकाशांवर ती तुटक रेघ आहे, उपग्रहाच्या चित्रातही दिसते. पण २००८ पासून मोआबच्या बीएलएमच्या जमिनीवर नेमून दिलेल्या वाटेवरच गाडी चालते. बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, राष्ट्रीय उद्यानांबाहेरची (आम्ही त्यांना 'पार्क' म्हणतो) बहुतेक सरकारी जमीन सांभाळणारं खातं. वाट त्यांच्या नकाशावर नाही म्हणजे बंद, मग ती समोर कितीही ठळक दिसो.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. तिसऱ्या वर्षी एका ॲपवरच्या लाल रेघेमागे गेलो. दोन मैल झकास. मग एक वॉश, म्हणजे कोरडा ओढा, ओलांडला, पुढे रेघ सरळ आणि जमीन गायब, चाळीसेक फुटांचा कडा. मागे वळायला जागा इतकी कमी की पुढे-मागे करत अकरा वेळा गिअर बदलला. त्यात मागचं चाक हातभर बाहेर गेलं. शिळ्या भाकरीचा पापुद्रा मोडावा तसा आवाज आला. वाळूवरचा तो काळसर, खडबडीत थर जिवंत असतो. सायनोबॅक्टेरियाचे तंतू वाळूचे कण बांधून ठेवतात, म्हणून ती उडत नाही की वाहून जात नाही. मोडला तर भरून यायला दशकं जातात. पुढच्या ऑक्टोबरात मुद्दाम चालत गेलो. माझ्या टायरची नक्षी जशीच्या तशी होती.

म्हणून म्हणतो, वाट शोधायची रीत विचारा, हवी तेवढी सांगतो. जीपीएक्स फाईल, म्हणजे जीपीएसने नोंदवलेला वाटेचा तयार ट्रॅक, मागू नका.

जुनीजीप

अहो लालमाती, फोटो टाकायचा आणि पत्ता लपवायचा, हा कुठला न्याय? फोटोही ठेवायचा होता की घरच्या अल्बमात.

आता मुद्द्यावर. ती जमीन सार्वजनिक आहे. २०२३ च्या सप्टेंबरात बीएलएमने लॅबिरिंथ (ग्रीन नदीची घळ) आणि जेमिनी ब्रिजेस भागातल्या ३१७ मैल वाटा गाड्यांसाठी बंद केल्या. त्यात 'हे जो' नावाच्या कॅन्यनची वाटही गेली. नदीकाठाने जुन्या खाणीकडे जाणारी ती वाट मी वीस वर्षांपूर्वी पाहिली, आता माझा मुलगा पाहू शकत नाही. अशा वेळी वाट वाचवायला कोण उभं राहतं? जो तिथे गेलाय तो. वाट मूठभर लोकांनाच ठाऊक असेल, तर ती गेल्याचं दुःखही मूठभरांनाच. तुमच्या गुपितामुळे वाट टिकत नाही, उलट गुपचूप मरते.

आणि तुमचाच किस्सा तुमच्यावर उलटतो. तुमच्याकडे कुणी तपासून दिलेली फाईल असती तर तुम्ही त्या कड्यापर्यंत गेला असता का? वाट चुकलेला माणूसच नवी चाकोरी पाडतो.

वल्हेकरी

मी तिसऱ्याच बाजूने, म्हणजे खालून लिहितेय. लॅबिरिंथमध्ये ग्रीन नदी इतकी संथ आहे की आम्ही चार-पाच दिवस कनूने, म्हणजे वल्ह्याच्या होडीने, तरंगत जातो. नदीतून मोहीम काढणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलने १८६९ मध्ये हे नाव, म्हणजे 'चक्रव्यूह', दिलं. नदी इतकी वळते की दुपारी सूर्य कुठल्या खांद्यावर आहे तेही समजेनासं होतं. तिथे कड्यांमधून इंजिनाचा आवाज आला की गाडी दिसायच्या आधी पंधरा मिनिटं ऐकू येत राहतो. एक गाडी, दहा वळणं, आणि प्रत्येक वळणावर प्रतिध्वनी.

जुनीजीप ३१७ मैल गेल्याचं रडगाणं गातात, पण त्याच भागात ८०० मैलांहून जास्त वाटा अजून खुल्या आहेत हे सांगत नाहीत. एवढ्या आयुष्यभर पुरणार नाहीत का तुम्हाला?

धागाकर्त्यांनाही एक सांगते. फाईल देणार नाही पण रीत शिकवणार, हे म्हणजे मासा देणार नाही, गळ देतो. मासे तेवढेच कमी होणार.

जुनीजीप

वल्हेकरीताई, आकडा मान्य. पण मैल म्हणजे काही वजनावर विकायचा कांदा नव्हे. सपाट धुरळ्याचे पन्नास मैल एका बाजूला आणि नदीकाठचे पाच मैल दुसऱ्या बाजूला. गेले ते नदीकाठचे गेले.

माझे बाबा ७८ वर्षांचे असताना आले होते, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. कनूत बसणं तर सोडाच, अर्धा मैल चालणंही अशक्य. जीपमधून उतरून खाणीच्या गंजलेल्या यंत्रावर हात ठेवून उभे राहिले. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, यंत्राशी दहा मिनिटं बोलत होते म्हणा ना. शांततेचा हक्क तुमचा, तो त्यांचा नव्हता का?

कायद्याचंही ऐका. १८६६ च्या एका कायद्याने सरकारी जमिनीवरून रस्ता काढायचा हक्क दिला होता. १९७६ मध्ये तो रद्द झाला, पण तोवर जे रस्ते झाले त्यांचा हक्क शाबूत ठेवला. त्याच आधारावर युटा राज्य १२,००० हून जास्त रस्त्यांसाठी कोर्टात भांडतंय. त्यामुळे 'नकाशावर नाही म्हणजे बंद' हे वाटतं तितकं सरळ नाही.

लालमाती

कोर्टात काय व्हायचं ते होवो. निकाल लागेपर्यंत रेंजर दंडाची पावती आजच्या नकाशावरूनच फाडतो. तुमच्या बाबांचा प्रसंग मात्र वाचून थांबलो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये राहिली, किंवा मीच टाळली. त्या ॲपवरची लाल रेघ आभाळातून पडली नव्हती. नंतर नीट पाहिलं, ती कुणीतरी चढवलेली फाईलच होती. बहुधा दुचाकीवाला असावा, कड्यापाशी थांबून पायी खाली उतरला आणि जीपीएस चालूच. तेव्हा 'तपासलेली फाईल' म्हणताना कुणी, कुठल्या वाहनाने, कुठल्या महिन्यात तपासलेली, हे कुठे लिहिलेलं असतं?

घाटवाट्या

पुण्याहून. मोआब पाहिलेलं नाही, पण हा वाद आम्ही सह्याद्रीत रोज घालतो. पूर्वी घाटवाट म्हटलं की गावातला वाटाड्या घ्यायचा, त्यालाही चार पैसे मिळायचे. आता मोबाईलवर ट्रॅक आणि वाटाड्याला टाटा. देवकुंडचे फोटो फिरले, गर्दी झाली, मग पावसाळ्यात बंदीचे आदेश निघू लागले.

तरीही मी फाईलच्या बाजूने. धुक्यात नाळेचं, म्हणजे खाली उतरणाऱ्या अरुंद घळीचं, तोंड चुकलं तर माणूस कड्यावर जातो, तिथे तो ट्रॅक जीव वाचवतो. फक्त ट्रॅकबरोबर दोन ओळी लिहायची शिस्त हवी: कधी गेलो, पाणी कुठे होतं, कुठे चुकलो. आमच्याकडे जुने लोक 'कुठे चुकलो' हे आवर्जून लिहितात.

नवखी_गाडी

मोठ्या लोकांच्या भांडणात मध्येच घुसतेय, माफ करा. आम्ही पुढच्या आठवड्यात मोआबला जातोय, सहा वर्षांचा मुलगा बरोबर, जीप तिथेच भाड्याने. नवऱ्याने फोर-लो (अवघड चढ-खडकांसाठीचा मंद गिअर) फक्त व्हिडिओत पाहिलंय. हेल्स रिव्हेंज म्हणतात तो करावा का?

लालमाती

नको! पहिल्याच दिवशी नको. सॅंड फ्लॅट्समधला तो खडकाचा चढ दिसतो तेवढा निसरडा नाही. 'स्लिकरॉक' हे नाव घोड्यांच्या लोखंडी नालांमुळे पडलं, रबर त्याला छान चिकटतं. पण बॉनेटपुढे नुसतं आभाळ दिसतं तेव्हा नवखा माणूस ब्रेक दाबतो आणि गाडी आडवी होते.

भाड्याच्या करारात कुठल्या वाटा चालतील त्याची यादी असते, ती आधी वाचा. बीएलएमचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्या, कॅन्यनमध्ये रेंज नसते. त्यावरचा वाटेचा क्रमांक आणि वाटेकडेला रोवलेल्या तपकिरी पट्टीवरचा क्रमांक जुळतो का, प्रत्येक फाट्यावर पाहा. न जुळला तर परत फिरा. टायरची हवा ३५ पीएसआयवरून २० पर्यंत उतरवा, आणि डांबरी रस्त्यावर यायच्या आधी भरायला पंप बरोबर ठेवा. अनियन क्रीकने सुरुवात करा. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, मुलगा खूश होईल. मग शेफर, कड्यावरून नागमोडी उतरणारी मातीची वाट.

जुनीजीप

इथे मी लालमातींशी सहमत, नोंद घ्यावी. त्यात भर: माणशी दिवसाला चार लिटर पाणी, फावडं, आणि एलिफंट हिल या अवघड वाटेचं नावही काढू नका. तिथे एका ठिकाणी गाडी वळतच नाही, रिव्हर्समध्ये उतरवावी लागते. व्हाइट रिमला दिवसभरासाठी गेलात तरी परमिट लागतं. पार्कातून गाडी ओढून काढायची वेळ आली तर बिल हजार डॉलरच्या वर जातं.

वल्हेकरी

आणि सहा वर्षांच्या मुलाला तो काळा पापुद्रा दाखवा. बोट न लावता.

लालमाती

दोन दिवस विचार केला. घाटवाट्यांचं पटलं, जुनीजीपचं अर्धं पटलं. फाईल अजूनही देणार नाही. पण ग्रुपवरच्या फोटोखाली बीएलएमच्या वाटेचा क्रमांक टाकलाय, आणि खाली तीन ओळी: ऑक्टोबर, कोरडं, ३३ इंची टायर, तिसऱ्या फाट्यावर मी डावीकडे चुकलो होतो. ज्याला जायचंय त्याने क्रमांक नकाशावर शोधावा. तेवढे कष्ट घेणारा माणूस बहुधा पट्टीही वाचतो. सतरापैकी दोघांनी शोधला.

जुनीजीप

दोघांनी? म्हणजे पंधरा जणांना नुसता फोटोच हवा होता. मग एवढं भांडलो कशाला आपण.

नवखी_गाडी

मोआबहून लिहितेय. काल अनियन क्रीक झालं, मुलगा ओढे मोजत होता, अठराला झोपला. रात्रभर पाऊस पडलाय. आता ऊन आहे. शेफर करावी का?

वल्हेकरी

नाही.

जुनीजीप

अजिबात नाही. ती माती ओली झाली की साबण. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हवा.

लालमाती

नका जाऊ. व्हिजिटर सेंटरला जाऊन विचारा, आणि वरच्या कठड्यावरून बघा.

नवखी_गाडी

विचारलं, बंदच आहे. कठड्यावर उभे आहोत. नवरा जरा हिरमुसलाय. मुलगा विचारतोय, खाली ती वाट कुणी काढली, आणि मी त्याला युरेनियम म्हणजे काय ते समजावतेय.