गेम्स खेळवून खरंच ट्रेनिंग होतं का?

ट्रेनिंग_नवीन
कस्टमर सपोर्टच्या टीमला तक्रारी कशा हाताळायच्या याचं ट्रेनिंग माझ्याकडे आलंय. आत्तापर्यंत स्लाइड्स दाखवायच्या आणि शेवटी टेस्ट घ्यायची असंच चालायचं, टेस्टमध्ये सगळे पास होतात पण चिडलेल्या कस्टमरचा फोन आला की परत तेच, "पॉलिसी अशीच आहे." आता वरून सांगितलंय की अनुभवातून शिकवा. एका एजन्सीने गेम्सची यादी पाठवलीय, डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, कागदाचे मनोरे वगैरे. लोकांना मजा येईल पण त्याने फोनवरचं बोलणं कसं बदलणार ते मला कळत नाहीये. अर्धाच दिवस मिळालाय. काय करू?

खडूफळा
मनोरे नका करू. नवीन टीमची ओळख व्हायला ठीक आहे, तक्रारीशी त्याचा काही संबंध नाही. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र बघा: अनुभव घ्यायचा, त्यात काय झालं ते तपासायचं, त्यातून आपलं सूत्र काढायचं आणि ते परत वापरून बघायचं. बहुतेक ठिकाणी पहिला टप्पा झाला की टाळ्या वाजवून ब्रेक देतात आणि खरं शिकणं तिथेच राहून जातं.

तुमच्याकडे कॉल रेकॉर्डिंग असतील ना, त्यातला एक बिघडलेला कॉल घ्या, नाव-नंबर काढून टाका आणि तिघातिघांचे गट करा. एक कस्टमर, एक एजंट, तिसरा फक्त बघणार. बघणाऱ्याने मत द्यायचं नाही, कोण काय बोललं आणि कुठल्या वाक्यानंतर आवाज चढला एवढंच लिहायचं. रोलप्ले छोटा ठेवा, त्यावरच्या चर्चेला दुप्पट वेळ द्या आणि मग तोच कॉल परत करायला लावा. ही दुसरी फेरी अजिबात कापू नका, चर्चेत पटलेलं वाक्य ऐनवेळी तोंडातून येतं का ते तिथेच कळतं.

रात्रपाळी
वरच्याशी सहमत. चर्चा कशी घ्यायची यावर थोडं, कारण सगळं तिथेच फसतं. अमेरिकन सैन्यात सरावानंतर चारच प्रश्न विचारायची पद्धत आहे, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तसं का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. तुमच्याकडेही चालेल. ट्रेनरने आधी आपलं मत सांगून टाकलं की बाकीचे नुसते माना डोलावतात, म्हणून तुम्ही शेवटी बोला. आणि सुपरवायझरला त्या खोलीत बसवू नका प्लीज, साहेब समोर असताना माणूस चुका लपवतो, आणि चूक समोर आलीच नाही तर चर्चा कशावर करणार?

शंका_आहे
मी थोडं वेगळं सांगतो. अगदी नवखे असतील तर त्यांना थेट रोलप्लेमध्ये ढकलू नका. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा २००६ चा लेख यावरच आहे, नवख्याला मार्गदर्शन न देता शोधत बसवलं तर त्याची सगळी ताकद गोंधळातच जाते. आधी एक चांगला हाताळलेला कॉल ऐकवा, प्रत्येक टप्प्यावर थांबून एजंटने तसं का केलं ते सांगा, मग करायला लावा. जुन्या लोकांना मात्र थेट अवघड केस द्या, त्यांना समजावत बसलात तर कंटाळतील.

आणि ती "वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं" वाली स्लाइड कुणी दिली तर वापरू नका. ती शिक्षणतज्ज्ञ एडगर डेलच्या नावावर फिरते पण त्याच्या १९४६ च्या "अनुभवाचा शंकू" या आकृतीत टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवलेत.

ट्रेनिंग_नवीन
खूप उपयोग झाला, मनापासून आभार. आमच्यात नवे-जुने दोन्ही आहेत, मग गट वेगळे करते. पण याचा परिणाम झाला हे वरच्यांना कसं दाखवायचं? फीडबॅक फॉर्म पुरेल का?

रात्रपाळी
नाही पुरणार. फॉर्मवरून सेशन आवडलं का एवढंच कळतं, ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्यांमधली ती पहिली. तिसरी पातळी म्हणजे कामावरचं वागणं, ते मोजा. ट्रेनिंगच्या आधीचे काही कॉल आत्ताच निवडून ठेवा, महिन्याभराने त्याच लोकांचे नवे कॉल घ्या आणि दोन्ही एकाच चेकलिस्टवर तपासा, कस्टमरचं म्हणणं पूर्ण ऐकलं का, पुढे काय होणार ते सांगितलं का, असे साधे मुद्दे. तपासणाऱ्याला कुठला कॉल आधीचा आणि कुठला नंतरचा ते सांगू नका.