मदत हवी आहे: कुस्तीचा गेम पोरं पुन्हा उघडत नाहीत

मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. इथल्या खासबाग मैदानातल्या कुस्तीवर मोबाईल गेम करतोय. तांबडी माती, हलगी, ढाक, धोबीपछाड असले डाव, सगळं घातलंय. तालमीतली पोरं बघून ‘नादखुळा’ म्हणतात, पण दोन-चार कुस्त्या झाल्या की मोबाईल खाली! बटण दाबल्यावर डाव किंचित उशिरा लागतो, हरल्यावर नवी कुस्ती जोडायला तीन स्क्रीन ओलांडाव्या लागतात. संशय तिथंच आहे. १९८४ च्या टेट्रिसला, म्हणजे वरनं पडणारे ठोकळे रचायच्या गेमला, कथा नाही, तरी माणूस उठत नाही. ठोकळा चुकला तर चूक आपलीच वाटते आणि पुढचा लगेच येतो. मित्र म्हणतात, रोज गेम उघडणाऱ्याला गेममधली नाणी वाट. (मला ते आमिष वाटतं.) तुम्ही एखादा गेम परत परत का उघडता? आणि प्रतिडाव सुरुवातीलाच शिकवू, की हरून हरून कळू दे?