कामाची दखल कधी घेतली गेली? तुमचे अनुभव लिहा

आपल्या कामाची कोणी मनापासून दखल घेतली असे वाटलेला प्रसंग, आणि त्याचा मनावर व प्रकृतीवर झालेला परिणाम, येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. कटू अनुभवांनाही जागा आहे, मात्र आस्थापनेचे नाव टाळावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, अपुरा पगार माणसाला नाराज करतो, पण पुरेसा पगार तेवढ्यानेच समाधान देत नाही. ते समाधान काम चांगले पार पडणे, कामाला मिळालेली दाद, जबाबदारी अशा गोष्टींतून येते. हे आपल्याला पटते का, तेही सांगावे.

आशा स्वयंसेविका, नंदुरबार जिल्हा

आशा योजना २००५ मध्ये सुरू झाली. आम्हाला पगार नसून कामावर आधारित मोबदला मिळतो, आणि तो अनेकदा महिनोन्‌महिने थकतो. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला, तेव्हा गावात आमचे सत्कार झाले, नारळ मिळाले, छायाचित्रे निघाली. आनंद झाला, नाही असे नाही. पण त्या महिन्यातही मोबदला थकलेलाच होता.

मला आठवतो तो प्रसंग वेगळा आहे. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन माता व बाळाची तपासणी करतो. अशाच चौदाव्या दिवसाच्या भेटीत एक बाळ दूध ओढत नव्हते आणि त्याचे अंग गार लागत होते. घरचे लोक भगताकडे जायच्या तयारीत असताना मी त्यांची समजूत घालून बाळाला रुग्णालयात पोहोचवले. पुढच्या मासिक बैठकीत आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी ती नोंद सर्वांसमोर वाचली, मी कोणती लक्षणे ओळखली ते सांगितले आणि इतर ताईंना मला प्रश्न विचारायला लावले. ज्या बैठकीत एरवी केवळ ‘आकडे का कमी आहेत’ एवढेच ऐकावे लागते, तिथे त्या दिवशी मला शिकवण्याचा मान मिळाला. थकलेला मोबदलाही त्यांनी पाठपुरावा करून काढून दिला, हेही लिहिलेच पाहिजे.

संगणक अभियंता, हिंजवडी

‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ हे प्रमाणपत्र मला ईमेलने आले, तेव्हा मी सलग काही महिने रात्रपाळीत काम करत होतो आणि झोपेची पार वाट लागली होती. प्रमाणपत्रावरचा मजकूर सर्वांना सारखाच होता, फक्त नाव बदललेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या अवस्थेची, जी लक्षणे नोंदवली, म्हणजे अंगातली शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, ती तिन्ही माझ्यात होती. नव्या टीम लीडने आल्या आल्या पाळ्यांचे वेळापत्रक पाहिले आणि मला रात्रपाळीतून काढले. त्यांनी माझी स्तुती कधीच केली नाही; तरीही मी त्यांना मानतो.

एसटी वाहक, सातारा विभाग

वरील अनुभव पटला. मुक्कामी गाडी घेऊन गेल्यावर रात्री पाठ टेकायला स्वच्छ जागा आणि सकाळी तोंड धुवायला पाणी मिळाले, की दिवसभर प्रवाशांशी बोलण्याचा सूरच बदलतो. आमच्या एका आगारप्रमुखांनी विश्रांतीगृहात स्वतः एक रात्र काढली, आणि पुढच्याच आठवड्यात खिडक्यांना जाळ्या बसल्या.

यंत्रमाग कारखानदार, इचलकरंजी

हर्झबर्गसाहेबांना आमच्याकडची दिवाळी दाखवायला हवी होती. बोनसचा कायदा १९६५ मध्ये आला, आणि किमान बोनस वर्षाच्या वेतनाच्या ८.३३ टक्के आहे. तो वेळेवर दिला नाही, तर कितीही गोड बोलले तरी कामगार दुसऱ्या शेडमध्ये जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. मात्र एक कबूल करतो: कापडात दोष येण्यापूर्वीच तो ओळखणाऱ्या जुन्या जॉबरला, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराला, नवे माग घेताना मी सोबत नेले आणि त्याचे म्हणणे ऐकून एक सौदा मोडला. ही गोष्ट तो बोनसपेक्षा जास्त वेळा सांगतो.

अभियंता, सध्या श्टुटगार्ट, जर्मनी

या भागात अशी म्हणच आहे की, रागावले नाही म्हणजे पुरेसे कौतुक झाले. पहिल्या वर्षी मला ते फार जड गेले. पुढे आईच्या आजारपणात मी कोल्हापूरला असताना कार्यालयातून एकही फोन आला नाही, कारण माझे काम साहेबांनी आधीच सहकाऱ्यांत वाटून दिले होते. परतल्यावर मी त्यांना थेट विचारले की माझ्या कामाबद्दल त्यांचे मत काय आहे. त्यांना प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. तक्रार असती तर ती त्याच दिवशी सांगितली असती, असे ते म्हणाले आणि पुढच्या प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे देऊन मोकळे झाले.