बंदीची घरच्यांशी गाठभेट: सवलत असावी की हक्क?

नदीकाठ:
तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे बंदीने घरच्यांशी किती आणि कसे बोलावे, हे त्या त्या राज्याची कारागृह नियमावली ठरवते. महाराष्ट्रात अलीकडे यात बरीच भर पडली आहे. 2020 च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष मुलाखती थांबल्या तेव्हा ई-मुलाखत, म्हणजे व्हिडिओवरून भेट, रुळली. येरवड्यात नाणे टाकून चालणाऱ्या दूरध्वनीच्या जागी 2023 मध्ये स्मार्ट कार्डवर चालणारे दूरध्वनी आले. आणि बापाला किंवा आईला आपले मूल जाळीविना जवळ घेता यावे यासाठी ‘गळाभेट’ कार्यक्रम होऊ लागले. मला या प्रत्येक उपक्रमाचे कौतुक आहे. तक्रार एवढीच की हे सारे अजूनही प्रशासनाच्या मर्जीवर चालते, अधिकारी बदलला की उत्साहही बदलतो. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्येच, फ्रान्सिस कोराली मुल्लिन प्रकरणात, नातलगांची आणि वकिलाची भेट हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला होता. मग भेट, फोन आणि व्हिडिओ यांची किमान हमी प्रत्येक कारागृहात सारखी का नसावी?

काळा दगड:
हमी हा शब्द मला खटकतो. ज्या घरातले माणूस मारले गेले, त्या घराला कोणती मुलाखत मिळते? 2012 मध्ये वडाळ्यात एका तरुण वकील महिलेचा खून झाला. त्यात जन्मठेप भोगणारा आरोपी 2016 मध्ये नाशिकरोड कारागृहातून रजेवर सुटला आणि परतलाच नाही. तो 2017 मध्ये पकडला गेला. या मधल्या काळात त्या मुलीच्या आईवडिलांनी काय सोसले असेल, याचा विचार ‘बंदीचे कुटुंब’ म्हणून गहिवरणाऱ्यांनी करावा. शिवाय संघटित टोळ्यांचे लोक आतून खंडणीचे निरोप पाठवतात, हे मुंबईने पाहिले आहे. संपर्क वाढवणे म्हणजे त्यांचीही सोय करणे होय.

साधा वाचक:
वरील प्रतिसादात रजा आणि संपर्क यांची सरमिसळ झाली आहे. 1959 च्या नियमांनुसार मिळणारी संचित रजा (फर्लो) आणि अडीअडचणीला मिळणारी अभिवचन रजा (पॅरोल) यांत बंदी भिंतीबाहेर येतो. तेथे पोलीस अहवाल, जामीनदार आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून कडक राहणे योग्यच आहे. मूळ प्रस्तावात मात्र रजेचा उल्लेखही नाही. मुलाखतीत किंवा अधिकृत फोनवर तो भिंतीआडच असतो आणि बोलणे ठरलेल्या क्रमांकावर, देखरेखीखाली होते. खंडणीचे निरोप जातात ते चोरून आत आलेल्या मोबाइलवरून, आणि अधिकृत फोनची रांग जितकी लांब, तितका चोरट्या मोबाइलचा भाव जास्त.

दुसरे असे की तुरुंगातले सगळे खुनी नसतात. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील बंद्यांपैकी सुमारे 75.8 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. वकील कोणी नेमला, पुढची तारीख कोणती, जामिनाची रक्कम जमली का, हे त्यांना घरच्यांकडूनच कळते. त्यांचा संपर्क तुटला, तर जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो.

ओटीवरची:
एका कारागृहात महिला विभागाशी माझा कामानिमित्त संबंध आला, म्हणून थोडे वेगळे मांडते. पुरुष बंद्यांच्या मुलाखतीला आई येते, बायको येते, डबा नाही तरी कँटीनसाठी मनीऑर्डर येते. बाईच्या भेटीला बहुधा कोणी येत नाही. सासर तोंड फिरवते, माहेर लाजते. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ आत राहू शकते. त्यानंतर ते नातलगांकडे किंवा संस्थेत जाते आणि पुढचे नाते त्याला भेटीला कोणी आणते की नाही यावर टिकते. या बायकांना हक्क देऊन भागणार नाही. मुलाला आणण्याचा प्रवासखर्च कोण देणार, हे ठरवावे लागेल.

ई-मुलाखतीचे मी स्वागत करते, पण घरात स्मार्टफोन नसलेल्या आणि ऑनलाइन नोंदणी न जमणाऱ्या म्हातारीला ती उपयोगाची नाही. व्हिडिओ आहे म्हणून प्रत्यक्ष भेटीची पाळी कमी करण्याचा मोह प्रशासनाला होईल, तो आधीच रोखला पाहिजे.

काळा दगड:
कच्च्या कैद्यांबाबतचा मुद्दा मान्य आहे. पण सगळेच घर बंदीची वाट पाहत असते, हे गृहीत धरू नका. जिने नवऱ्याच्या मारहाणीची फिर्याद दिली, तिलाच तो आतून फोन करून ‘केस मागे घे’ म्हणू लागला तर? तुमच्या हमीत तिला नकाराचा अधिकार कुठे आहे?

नदीकाठ:
हा आक्षेप मला या चर्चेतला सर्वांत मोलाचा वाटतो. क्रमांक नोंदवताना पलीकडच्या व्यक्तीची संमती घ्यावी, ती केव्हाही मागे घेता यावी, आणि फिर्यादी किंवा साक्षीदाराचा क्रमांक नोंदवूच नये, अशी अट हमीतच असावी. प्रवासखर्चाबाबत मला येरवड्यातली जिव्हाळा योजना आठवते: 1 मे 2022 पासून राज्य सहकारी बँक शिक्षा झालेल्या बंद्यांना सात टक्के व्याजाने 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज देऊ लागली आणि हप्ते त्यांच्या तुरुंगातल्या मजुरीतून वळते होतात. मुलाची फी बापाच्या कमाईतून भरली जाणे, हाही संपर्कच आहे. मात्र मुलाने आईला भेटावे यासाठी आईनेच कर्ज काढावे, हे मला पटत नाही. तो खर्च सरकारचा आहे.

आणि कुटुंबाला जवळ ठेवण्याची कल्पना परकी मुळीच नाही. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली, तेथे बंदी बायकामुलांसह राहून शेती करतात.

काळा दगड:
स्वतंत्रपुरात निवडून घेतलेले थोडे लोक राहतात. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात बंदी अधिकृत क्षमतेच्या कित्येक पट. तेथे प्रत्येकाला ठरलेली मिनिटे द्यायची तर आधी शिपाई वाढवा, मग हमी लिहा.

ओटीवरची:
शिपाई वाढेपर्यंत थांबायचे, तर ज्या आईचे मूल आज सहा वर्षांचे झाले, तिचे काय?